वास येत नाही म्हणून अर्धा पेला : बीकेसी, सोसायटीचा जिना आणि मावशींचा डोळा

जिनेदार | सोमवार, रात्री ९:४०

कमिटीत कुणी उभं राहत नाही, म्हणून गेली तीन वर्षं मीच सेक्रेटरी. चार मजले, दोन विंगा, एक लिफ्ट, आणि जिने-पॅसेज पुसायला एक मावशी. मार्चच्या सभेत फरशी पुसायच्या औषधाचं बिल वाचून दाखवलं आणि नेहमीचा गदारोळ झाला. त्यात एका सभासदाने तोडगा काढला, की बाटलीतल्या महागड्या क्लीनरमध्ये जे असतं तेच, म्हणजे बीकेसी (बेन्झाल्कोनियम क्लोराइड) नावाचं जंतुनाशक, केमिकलच्या दुकानात सुटं मिळतं, तेही ५० टक्के. हिशोब ऐकून सगळे खूश. दुसऱ्या दिवशी मी पाच लिटरचा कॅन घेऊन आलो.

कॅन पांढरा. वर कागद : बेन्झाल्कोनियम क्लोराइड द्रावण ५०%, बॅच नंबर, आणि खाली तिरक्या चौकोनातली दोन चित्रं. एकात थेंब पडून हात खाल्ला जातोय, दुसऱ्यात वाळकं झाड आणि मेलेला मासा. मी ती पाहिली. पाहून कॅन मीटररूममध्ये ठेवला, आणि मावशींना रोज तो उचलायला जड जाईल म्हणून एक लिटर कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत काढून दिलं. सूचना काय दिली, तर "थोडंसंच घाला, स्ट्राँग आहे."

पहिल्याच दिवशी मावशी म्हणाल्या, "साहेब, ह्याला वासच नाही. फिनेल कसं, घातलं की कळतं." मी हसण्यावारी नेलं. वास येत नाही म्हणजे औषध पातळ आहे, असा त्यांनी अर्थ लावला आणि बादलीला अर्धा पेला घालायला सुरुवात केली. फेस कमी वाटला म्हणून मूठभर कपड्याची पावडर. तर पाणी म्हणे ताक फुटल्यासारखं झालं. औषध नासलं असेल असं वाटून आणखी अर्धा पेला.

पंधरा दिवसांत दोन तक्रारी आल्या. एक, जिना चिकट लागतोय, चपलेचे ठसे उमटतात. दुसरी तक्रार मावशींचीच, बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, भांडी घासताना झोंबतं. पहिल्या तक्रारीवर मी व्हॉट्सअ‍ॅपवर चार मेसेज टाकले. दुसरीवर खोबरेल लावा म्हणालो.

गेल्या गुरुवारी बाटलीचं बूच घट्ट बसलं होतं, त्यांनी ती मांडीत धरून जोर लावला, प्लॅस्टिक दाबलं गेलं आणि पिचकारी सरळ डाव्या डोळ्यात. त्यांनी तांब्याने दोन-चारदा पाणी मारलं, पदराने डोळा पुसला आणि उरलेले दोन मजले पुसून मग मला सांगायला आल्या. डोळा लालबुंद होता. दवाखान्यात नेलं. बुबुळावरचा वरचा थर भाजलाय, थेंब आणि मलम, दर दोन दिवसांनी दाखवायचं. आता उतार आहे. खर्च आणि पगार सोसायटी देतेय, तो प्रश्न नाही.

प्रश्न असा : नेमकं किती घालायचं? हे वापरायचं तरी का? आणि उरलेल्या साडेतीन लिटरचं काय करू?

---

रसायनमास्तर | सोमवार, रात्री १०:३०

आधी डोळा. उजेड सहन होत नसेल, धूसर दिसत असेल किंवा खुपणं वाढत असेल तर परवाची वाट पाहू नका, उद्याच परत न्या. आणि हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा : असलं काही डोळ्यात गेलं की वाहत्या नळाखाली, पापण्या बोटांनी उघड्या धरून, घड्याळ लावून १५ मिनिटं. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुता धुता काढायची. १५ मिनिटं फार लांब असतात, दुसऱ्या कुणीतरी डोकं धरून ठेवावं लागतं. मग दवाखाना. पदराने पुसायचं नाही, त्याच पदराला आधी बादलीतलं पाणी लागलेलं असतं.

आता माप. ५० टक्के म्हणजे १०० मिलीत ५० ग्रॅम. अन्नाचा संबंध येणाऱ्या ओट्या-टेबलांवर वापरून नंतर न धुता ठेवायचं, तर अमेरिकेत ह्या जातीच्या जुन्या जंतुनाशकांना ('क्वाट', खाली सांगतो) २०० पीपीएमची मर्यादा आहे, काही नव्या मिश्रणांना ४०० पर्यंत. २०० पीपीएम म्हणजे लिटरला ०.२ ग्रॅम, म्हणजे तुमच्या कॅनमधले ०.४ मिली. दहा लिटरच्या बादलीला ४ मिली. चहाचा चमचासुद्धा ५ मिलीचा असतो! (कुणाकडे ८० टक्क्याचा कॅन असेल तर अडीच मिली.)

अर्धा पेला मी १०० मिली धरतो. म्हणजे ५००० पीपीएम, पंचवीस पट. नासलं म्हणून आणखी अर्धा घातला त्या दिवशी पन्नास पट. जिना चिकटला त्यात नवल नाही, पाणी उडून गेलं आणि बीकेसी लादीवर बसलं. ४ मिलीच्या हिशोबाने पाच लिटरच्या कॅनमध्ये साडेबाराशे बादल्या होतात. तुम्ही महिन्याभरात दीड लिटर संपवलंत.

ताक फुटल्याचं कारण थोडक्यात सांगतो. ही सगळी जात 'क्वाटर्नरी अमोनियम', बोलीभाषेत क्वाट. मधे नायट्रोजन, त्याला चारी बाजूंनी कार्बन जोडलेले, त्यामुळे त्याच्यावर कायमचा धन भार. चारातलं एक शेपूट लांब, साधारण १२ ते १६ कार्बनचं, तेलकट. जिवाणूच्या अंगावर ऋण भार असतो. क्वाट तिथे जाऊन चिकटतो, शेपूट पापुद्र्यात घुसतं, आतला ऐवज गळून जातो, जिवाणू मरतो. पण जिवाणूचा पापुद्रा आणि मावशींच्या बुबुळाचा पापुद्रा यातला फरक त्याला कळत नाही. साबण आणि कपड्याची पावडर यांचं काम ऋण भारावर चालतं. दोघं भेटले की एकमेकांना धरून तळाशी बसतात. त्या बादलीत ना साबण उरला ना औषध, नुसतं चोथापाणी. म्हणून आधी साबणाने धुवायचं, साध्या पाण्याने साबण काढायचा, मग क्वाट. एकाच बादलीत कधीच नाही.

अवांतर : ह्या बेन्झाल्कोनियमला जंतुनाशक म्हणून पुढे आणलं १९३५ मध्ये गेरहार्ट डोमाक यांनी. तेच प्रॉन्टोसिलवाले, सल्फा औषधांसाठी १९३९ चं नोबेल मिळालेले. नाझी सरकारने ते नाकारायला लावलं, पदक हातात पडायला १९४७ उजाडलं.

---

खडूस_काका | मंगळवार, सकाळी ७:०५

एवढा बाऊ कशाला? माझ्या काचबिंदूच्या थेंबांच्या बाटलीवर भिंगाने वाचलं, त्यातही बेन्झाल्कोनियम क्लोराइड आहे. डोळ्यात घालायच्या औषधात सरकार विष घालू देईल काय? मावशींना साबणाची अ‍ॅलर्जी असेल. आमच्याकडे काळं फिनेल होतं, वडील ९१ वर्षं जगले.

---

रसायनमास्तर | मंगळवार, सकाळी ८:२०

काका, बरोबर वाचलंत. थेंबांची बाटली उघडल्यावर महिनाभर नासू नये म्हणून घालतात. पण त्याची टक्केवारीही वाचा. साधारण ०.०१ टक्का असते. मावशींच्या डोळ्यात गेलं ते ५० टक्के, म्हणजे पाच हजार पट. आणि त्या ०.०१ टक्क्यानेही वर्षानुवर्षं थेंब घालणाऱ्यांचे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, म्हणून काचबिंदूवाल्यांसाठी बिनप्रिझर्व्हेटिव्हचे थेंबही निघालेत. तुमचे डोळे चुरचुरत असतील तर डॉक्टरांना विचारून बघा.

तसं पाहिलं तर क्वाट घरात सगळीकडे आहेत. केसांच्या कंडिशनरमध्ये, कपडे मऊ करायच्या द्रावणात. सॅव्हलॉनमधलं सेट्रिमाइड हे क्वाटच. डेटॉल मात्र नाही, ते क्लोरोझायलेनॉल. लायझॉलच्या फ्लोअर क्लीनरमध्ये बेन्झाल्कोनियमच असतं, पण ते आधीच पुष्कळ पातळ केलेलं. तुमच्या सभासदाने सांगितलं ते खोटं नव्हतं. रसायन तेच होतं, पण बाटलीतलं पाणी त्याच्या हिशोबात आलं नाही.

---

खडूस_काका | मंगळवार, सकाळी ८:५५

भिंग आणून परत वाचलं. ०.०१% डब्ल्यू/व्ही. मागे घेतो. फिनेलचं मात्र मागे घेत नाही.

---

ताई_लीड्सहून | मंगळवार, दुपारी २:१५

मी इथे वॉर्डात नर्स आहे, चौदा वर्षं झाली. भेगांबद्दल सगळे बोलतात, म्हणून मी श्वासाबद्दल लिहिते.

क्वाटची वाफ जवळपास होत नाही, म्हणून त्याला वास कमी. बाटलीचं तोंड उघडं राहिलं म्हणून काही ते नाकात जात नाही. पण स्प्रेच्या बाटलीने फवारलं की बारीक थेंब हवेत तरंगतात आणि ते मात्र छातीत जातात. कामामुळे होणाऱ्या दम्याच्या कारणांत क्वाटचं नाव आहे, आणि एकदा शरीर बिथरलं की पुढे अगदी थोड्याशाने छाती भरून येते. अमेरिकेत ७३ हजारांवर नर्सेसना धरून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले होते. त्यात क्वाट, ब्लीच, ग्लुटराल्डिहाइड अशी जंतुनाशकं कामात वापरणाऱ्यांना फुप्फुसाचा जुनाट आजार होण्याचं प्रमाण २५ ते ३८ टक्क्यांनी जास्त दिसलं.

ओळखायची खूण साधी आहे : आठवडाभर खोकला, सुट्टीच्या दिवशी बरं, कामावर गेल्यावर पुन्हा. माझ्या एका सहकारणीला आम्ही सगळ्या "थंडीचा खोकला" म्हणत होतो. तिने दोन आठवडे श्वासाचा जोर मोजणाऱ्या, फुंकायच्या मीटरवरचे आकडे वहीत लिहिले, तेव्हा कळलं की तिची थंडी सोमवारी सुरू होऊन शनिवारी संपते.

जिनेदार, तुमच्या मावशींना खोकला आहे का? एकदा विचारा. आणि स्प्रे नको. मारायचाच तर फडक्यावर मारा, हवेत नाही.

आणखी एक. पातळ केलेलं द्रावण दिवसेंदिवस ठेवायचं नाही, त्यात वरून भरही घालायची नाही. क्वाटच्या जुन्या, कमजोर पाण्यात काही जिवाणू चक्क वाढतात. पूर्वी दवाखान्यात काचेच्या बरणीत कापसाचे बोळे भिजत पडलेले असायचे, आठवतात? कापूस क्वाट ओढून घेतो, पाणी कमजोर होतं, आणि मग स्यूडोमोनाससारखे जंतू त्याच बरणीतून पेशंटपर्यंत गेल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्यात. रोजचं रोज करा, उरलं तर टाका.

---

मनीमाऊ | मंगळवार, संध्या. ६:३०

घरात मांजर असणाऱ्यांसाठी. माझा बोका गेल्या पावसाळ्यात दोन दिवस खाईना. लाळ गळत होती, जीभ बाहेर. व्हेटनी तोंड उघडून दाखवलं, जिभेच्या कडेला लाल व्रण. पहिला प्रश्न विचारला, "फरशी कशाने पुसता?" मी नवीन जंतुनाशक आणलं होतं आणि बाटलीवरच्या मापाच्या तिप्पट घातलं होतं. का? कारण पावसाळा! बोका ओल्या फरशीवरून चालला आणि पंजे चाटत बसला. मांजराला क्वाट फार बाधतं, आणि अंग चाटायची सवय असल्यामुळे पायाला लागलेलं सगळं पोटात जातं. आठ दिवस सिरिंजने पातळ खाणं भरवलं. आता फरशी वाळेपर्यंत तो कपाटावर बसून माझ्याकडे तुच्छतेने बघतो.

---

निफाडकर | मंगळवार, रात्री १०:५०

आमच्याकडे ह्या विषयाला वेगळाच रंग आहे म्हणून लिहितो. द्राक्षाचा पॅकहाऊस.

२०१० चा हंगाम ज्यांना आठवतो त्यांना 'सीसीसी' म्हटलं की अजून पोटात गोळा येतो. क्लोरमेक्वाट क्लोराइड, वेलीची वाढ रोखायला बागेत मारायचे. हेही क्वाटर्नरी अमोनियमच, जंतुनाशक नव्हे, पण नात्यातलं. युरोपात त्याचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि कंटेनर तिकडेच अडकले. किती जणांचे पैसे बुडाले त्याचा हिशोब अजून लागलेला नाही.

त्यानंतर बागेतल्या फवारणीवर सगळ्यांचे डोळे. पॅकहाऊसच्या टेबलांकडे मात्र कुणाचं लक्ष नाही. २०१४ मध्ये युरोपने बेन्झाल्कोनियम आणि त्याचं भावंड डीडीएसी यांच्यासाठी मालातली मर्यादा किलोला ०.१ मिलिग्रॅम ठरवली. म्हणजे हे बागेत एक थेंबही मारलं नाही तरी मालात सापडू शकतं. कसं, तर द्राक्षं आम्ही धुत नाही. धुतली तर वरची पांढरी लव जाते आणि माल उतरतो. मग टेबल, क्रेट, कात्री, वजनकाटा, ज्याला ज्याला घड टेकतो त्याच्यावरचं घडाला लागतं. रात्री पोरं क्रेट औषधाच्या पाण्यात बुडवून तशीच पालथी घालायची, सकाळी त्यात माल. स्वच्छता उत्तम, आणि घात तिथेच.

आता आमच्याकडे क्रेट बुडवल्यावर साध्या पाण्याची दुसरी टाकी आहे. पहिल्या टाकीवर कागदाची पट्टी लटकवलेली असते. ती बुडवली की पिवळ्याची हिरवी होते, डब्यावरच्या रंगाशी ताडून पीपीएम कळतो. कामाला असलेल्या बायकांनी सुरुवातीला तिला 'प्रेग्नन्सीची पट्टी' नाव दिलं, आता सगळे तेच म्हणतात. जिनेदार, तुम्ही ही पट्टी घ्याच. क्वाटची मागून घ्या, क्लोरीनची वेगळी असते.

---

गोठा_आणि_गॅस | बुधवार, सकाळी ५:४५

निफाडकरांशी सहमत, आमच्या दुधातही हाच प्रकार. एकदा चार दिवस आमच्या दुधाला विरजण लागेना. आई म्हणे थंडी, बायको म्हणे विरजण मेलं, शेजारून आणलेल्या विरजणानेही तेच. शेवटी लक्षात आलं, कॅन धुवायला मी नवीन औषध आणलं होतं आणि पोरगा ते शेवटच्या पाण्याने विसळत नव्हता. दही लावणारे जीवही जिवाणूच, त्यांनाही ते मारतंच. कॅन दोनदा विसळला, दुसऱ्या दिवशी दही लागलं.

तेवढ्यावर मी शहाणा झालो नाही. गोठाही त्याच औषधाने धुवायचो, आणि ते पाणी उताराने शेणाबरोबर गोबरगॅसच्या टाकीत. पंधरा दिवसांत शेगडीची ज्योत करंगळीएवढी झाली. टाकीतले गॅस करणारे जिवाणू गारद. महिना लागला सावरायला. सेप्टिक टँकवाल्यांनीही विचार करा. आणि ओढ्यात, विहिरीजवळ तर अजिबात ओतू नका, कॅनवरचा मेलेला मासा शोभेला काढलेला नाही.

कोंबड्यांवाल्यांना एक आठवण : पिल्लांना लासोटाची (राणीखेत रोगावरची) लस पाण्यातून द्यायची असेल तर पाण्याच्या लाइनमधलं जंतुनाशक आधी बंद. नाहीतर लस नळीतच मरते.

---

प्रश्नचिन्ह | बुधवार, सकाळी ११:००

दोन बाळबोध प्रश्न. १) अमोनियम आणि अमोनिया एकच का? ब्लीचमध्ये अमोनिया मिसळला की विषारी वायू होतो म्हणतात, मग हे? २) कोविडमध्ये ते बोगदे उभारले होते, ज्यातून चालत गेलं की अंगावर फवारा यायचा, त्यात हेच होतं का?

---

रसायनमास्तर | बुधवार, दुपारी १२:३५

बाळबोध नाहीत.

१) एकच नाही. अमोनिया हा उग्र वासाचा वायू. क्वाटमध्ये त्याच नायट्रोजनला चारही बाजूंनी कार्बन लागलेले, तो वायू बनून उडत नाही. पण म्हणून ब्लीचबरोबर चालेल असं समजू नका. बाजारातल्या क्लीनरमध्ये क्वाट एकटं नसतं. अमाइन असतात, आम्ल असतं, कधी अमोनियाही असतो, आणि त्यांच्याशी ब्लीच मिळालं की क्लोरामाइन किंवा क्लोरीन सुटतो. बाथरूमसारख्या कोंदट जागी तर नकोच. भारतात जास्त घडणारा अपघात वेगळा आहे : संडासाचं अ‍ॅसिडवालं क्लीनर आणि ब्लीच एकाच भांड्यात. त्यातून सरळ क्लोरीन. आत असाल आणि घसा धरला तर बादली तिथेच सोडून आधी बाहेर या.

२) बोगद्यांत जागोजागी वेगवेगळं होतं, पुष्कळ ठिकाणी सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचच. बरेलीला मार्च २०२० च्या अखेरीस घरी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून हायपोक्लोराइट फवारलं, ते फोटो आठवत असतील. १८ एप्रिल २०२० ला आरोग्य मंत्रालयाने कळवलं की माणसांवर फवारणी करू नका. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने असे बोगदे आणि फवारण्या रोखण्याबाबत केंद्राला पावलं उचलायला सांगितलं. तोवर किती बोगद्यांच्या फिती कापून झाल्या होत्या ते विचारू नका.

फवाऱ्यावरून दक्षिण कोरिया आठवतो. तिथे खोलीतल्या ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायचं जंतुनाशक घरोघरी वापरलं जायचं. त्यातलं मुख्य रसायन क्वाट नव्हतं, गुआनिडिन जातीचं होतं, पण तेही धन भाराचंच. लादीवर ते निमूट होतं, पण धुक्याबरोबर रात्रभर छातीत गेलं आणि गरोदर बायका, लहान मुलं दगावली. २०११ मध्ये कारण उघड झालं. तेव्हा क्वाट असो की दुसरं काही, पुसायचं औषध पुसायलाच.

---

कापडचोपड | बुधवार, दुपारी ३:२०

वर ताईंनी कापसाच्या बोळ्याचं लिहिलं, तेच फडक्यालाही लागू आहे. लादी पुसायचं आपलं फडकं म्हणजे जुनी सुती चादर किंवा बनियन. सुती कापड क्वाट स्वतःलाच चिकटवून घेतं, लादीपर्यंत पोचतं ते निम्मं-शिम्मं पाणी. पॉलिस्टरचं मायक्रोफायबर कमी ओढतं. शिवाय बोअरचं जड पाणी असेल तर त्यातही जोर जातो. लादीवर चिखल असेल तर आधी तो निघायला हवा, औषध चिखलातच खपतं. आणि सगळं नीट केलं तरी लादी लेबलवर लिहिलेला वेळ ओली राहायला हवी, कुठे पाच मिनिटं, कुठे दहा. आपण काय करतो? पुसलं रे पुसलं की पंखा फुल स्पीड.

---

ताई_लीड्सहून | बुधवार, संध्या. ५:५०

+१. आणि एवढं करूनही ते सगळ्यांना मारत नाही. जिवाणूंचे बीजाणू सुटतात, उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस पुष्कळदा सुटतो. घरात जुलाबाची साथ असेल तर संडासाला हायपोक्लोराइट, वेगळ्या दिवशी, वेगळ्या बादलीत. दोन्ही एकदम नको, वर मास्तरांनी सांगितलंच आहे.

माझा मुद्दा असा, की जिना रोज निर्जंतुक कशाला करायचा? जिन्यावर कोण जेवतंय? साबणपाण्याने धूळ गेली की झालं. लिफ्टची बटणं, कठडा, कचऱ्याची खोली, एवढ्यापुरतं ठेवा.

---

खडूस_काका | बुधवार, रात्री ८:१५

आमच्या जिन्यावर पोरं बसून वडापाव खातात. बाकी ताईंशी सहमत.

---

नवीन_आई | गुरुवार, दुपारी १:१०

कोल्ड्रिंकच्या बाटलीचं वाचल्यापासून घरातली सगळी कपाटं उघडून बघितली. आमच्याकडेही बेसिनखाली पाण्याच्या बाटलीत फिकट पिवळं काहीतरी निघालं, कुणी ठेवलंय ते कुणालाच आठवेना. घरात दोन वर्षांचं मूल आहे. पोटात गेलं तर काय करायचं असतं? सासूबाई म्हणतात मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायची.

---

रसायनमास्तर | गुरुवार, दुपारी १:४०

ओकारी अजिबात नाही. कडक क्वाट जाताना घसा आणि अन्ननलिका भाजतं, ओकारीने परत येताना दुसऱ्यांदा भाजतं, आणि फेस छातीत गेला तर आणखी वाईट. मिठाचं पाणी लहान मुलाला तर वेगळंच संकट. तोंडातलं बोटाने, ओल्या फडक्याने पुसून काढा, खळखळून चूळ भरता येत असेल तर भरू द्या, आणि बाटली सोबत घेऊन हॉस्पिटल. महाराष्ट्रात १०८. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधा माहिती केंद्र आहे, टोल फ्री १८००-११६-११७. बाटलीवर नाव असेल तर ते फोनवर वाचून दाखवता येतं. नाव नसेल तर डॉक्टरही अंधारातच.

ती पिवळी बाटली टाकण्याआधी तिच्यावर स्केचपेनने 'विष, काय ते माहीत नाही' एवढं तरी लिहा.

---

जिनेदार | पुढचा मंगळवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार, आता हकिकत.

मावशींचा डोळा बरा आहे. डॉक्टरांनी परवा डाग नाही म्हणून सांगितलं, थेंब अजून चार दिवस. ताई, तुम्ही म्हणालात म्हणून खोकल्याचं विचारलं. आहे, पण बादलीमुळे नाही, चुलीमुळे असं त्यांचं म्हणणं. फुंकायचं मीटर डॉक्टरांकडे मागितलंय, दोन आठवडे आकडे लिहू.

कोल्ड्रिंकची बाटली रिकामी करून, धुऊन, कापून टाकली. कापली अशासाठी की परत कुणी भरू नये. कॅनच्या मुठीला दोऱ्याने १० मिलीची सिरिंज बांधली आहे, ४ च्या खुणेवर लाल नेलपॉलिश. कॅनमधून काढणं माझ्याकडेच, हातात रबरी मोजे, डोळ्याला स्कूटरवरचा चष्मा. बादलीत आधी पाणी, मग औषध, म्हणजे फेस उडत नाही. मावशींनी सिरिंज पाहिली आणि म्हणाल्या, "एवढंसं? हे तर माझ्या नातवाच्या तापाच्या औषधाएवढं." मी म्हटलं, मावशी, गेल्या महिन्यात तुम्ही पंचवीस नातवांचं घालत होतात. त्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही माप दिलं असतं तर मापानं घातलं असतं." यावर मला बोलायला काही नव्हतं.

जिना आता साबणपाण्याने. चिकटपणा जायला कोमट पाण्याने तीनदा धुवावा लागला. क्वाट फक्त बटणं, कठडे आणि कचऱ्याची खोली. पट्ट्या मागवल्या. नवीन बादली २०० दाखवते. कचऱ्याची खोली जुन्या चादरीच्या फडक्याने पुसून झाल्यावर तीच बादली तपासली, १०० च्याही खाली. कापडचोपड, मायक्रोफायबर आणलं.

उरलेलं साडेतीन लिटर ठेवतोय. ४ मिलीने किती पुरेल ते काढलं, तर ८७५ बादल्या. कॅनवरची एक्सपायरी त्याच्या आधी येईल असं दिसतंय.

एक नवीन तक्रार मात्र आलीये, त्याच सभासदाची, ज्यांनी कॅन सुचवला होता. म्हणतात जिन्यात पूर्वीसारखा वास येत नाही, मावशी पुसतात की नुसत्याच खालून वर जातात? काय उत्तर देऊ?

---

गोठा_आणि_गॅस | बुधवार, सकाळी ५:५०

गवती चहाची चार पानं टाका म्हणावं बादलीत.

---

रसायनमास्तर | बुधवार, सकाळी ८:०५

बादलीत आता काही टाकू नका. पानं त्यांच्या दाराला लावा.